गॉयडरची रेषा ओलांडताना: साउथ ऑस्ट्रेलियातला गहू, मेंढ्या आणि ओस पडलेली गावं

साउथ ऑस्ट्रेलिया हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट मोठं आहे आणि माणसं किती, तर जेमतेम १८-१९ लाख. त्यातली १४ लाखांच्या आसपास एकट्या ॲडलेडात आणि त्याच्या उपनगरांत. माझा थोरला भाऊ तिथे बरीच वर्षं राहतोय. आमचे आप्पा माण तालुक्यात शेती करतात, ते फोनवर दादाला दर वेळी विचारतात की एवढी जमीन मोकळी पडलीय तर सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं कशाला राहता रे. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं नवराबायको तिकडे गेलो तेव्हा सिडनी-बिडनी सगळं बाजूला ठेवलं आणि दादाला म्हटलं, आपण गव्हाच्या वाटेनं उत्तरेला जाऊ, गहू जिथे संपतो तिथवर, त्या हद्दीलाच गॉयडरची रेषा म्हणतात, आणि मग त्याच्या पलीकडे. दादा, वहिनी, पुतणी आणि आम्ही दोघं, एक मोठी गाडी, एवढंच.

शनिवार: ॲडलेड ते बर्रा

सकाळी लवकर निघालो. शहराची जागा १८३६ च्या शेवटी कर्नल विल्यम लाइट यांनी ठरवली, आणि गाडीत बसून बघितलं तरी कळतं की ती का ठरवली असेल. एका बाजूला समुद्राचा आखात, दुसऱ्या बाजूला माउंट लॉफ्टीचे डोंगर, त्या डोंगरांवर मैदानाच्या जवळपास दुप्पट पाऊस, त्यातून येणारी टॉरेन्स नदी आणि मध्ये सपाट, पेरता येईल अशी जमीन. हे सगळं एकत्र मिळणं या देशात फार दुर्मिळ आहे. आणि नेमक्या त्याच चांगल्या जमिनीवर आता घरं चाललीयत. उत्तरेकडच्या उपनगरांतून जाताना नव्या कॉलन्यांच्या मागे अजून गव्हाचे तुकडे दिसतात, पाटीवर लिहिलंय पुढचा टप्पा लवकरच. बारोसा आणि मॅकलॅरन व्हेल या दोन द्राक्षांच्या भागांसाठी मात्र २०१२ मध्ये खास कायदे केले, तिथे शहराला असं सहज पसरता येत नाही. असे कायदे करायला हिंमत लागते, मला फार बरं वाटलं ऐकून.

तासा-दीड तासात क्लेअर व्हॅली. छोटी, दोन्ही बाजूंनी टेकड्या, द्राक्षांच्या वेलींना नुकती पालवी फुटायला लागलेली. इथे सेव्हनहिलला जेझुइट पाद्र्यांनी १८५१ साली द्राक्षं लावली, प्रार्थनेला लागणाऱ्या वाइनसाठी, आणि ते वाइनघर अजून चालू आहे. आम्ही पिणारे कुणी नाही पण जुनं दगडी तळघर बघितलं आणि बाहेर झाडाखाली वहिनींनी केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही असं जेवलो. समोर कनोलाचं, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाचं, पिवळंधमक शेत, त्याला लागून हिरवागार गहू, हवेत गारवा. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांनी चटणी मागून घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी संपवली.

बर्रा तिथून पाऊण तास. हे गाव शेतीमुळे वसलेलं नाही, तांब्यामुळे. १८४५ मध्ये तांबं सापडलं, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून खाणकामगार आले, त्यांच्यासाठी घरं नव्हती म्हणून त्यांनी ओढ्याच्या काठात बिळं खणली आणि त्यात बायकापोरांसह राहिले. १८५१ च्या सुमाराला असे हजार-दीड हजारांहून जास्त लोक त्या काठात राहत होते. त्यातली दोन बिळं अजून जपून ठेवलीयत, आत वाकून जावं लागतं, भिंतीला चुना. ओढ्याला पूर आला की सगळं वाहून जायचं. खाण १८७७ मध्ये बंद पडली. खाणीची गावं खाण संपली की सहसा संपतात, पण बर्रा टिकलं कारण आजूबाजूला मेंढपाळीला चांगलं रान होतं, लोकरीचा बाजार इथे आला. रात्री आम्ही दगडी कॉटेजमध्ये राहिलो, दगडाच्या भिंती दीड हात जाड आणि तरी थंडी अशी की गोधडीबाहेर नाक काढवेना.

टीप: बर्रातल्या जुन्या जागा कुलूपबंद असतात, गावातल्या माहिती केंद्रातून पैसे भरून चावी मिळते, ती घेऊन आपलं आपण फिरायचं. दुपारी उशिरा पोचाल तर केंद्र बंद झालेलं असेल, म्हणून आधी चावी, मग जेवण. आणि सप्टेंबरात जाणार असाल तर जाड जॅकेट हवंच, ऑस्ट्रेलिया म्हणजे गरम हे डोक्यातून काढा.

रविवार: रेषा

या प्रवासाला यायचं खरं कारण हा दिवस. बर्राहून उत्तरेला निघालो की सुरुवातीला डावी-उजवीकडे गहू आणि जव असतो, मग शेतं विरळ होतात, टेकड्या उघड्या होतात आणि कुठेतरी लक्षात येतं की गेली दहा मिनिटं आपण पीक बघितलंच नाहीये. झुडपं बदलतात. दक्षिणेला मॅली असते, म्हणजे एकाच बुंध्यातून अनेक खोडं फुटलेली बुटकी निलगिरी. उत्तरेला गुडघ्याएवढी करड्या-निळ्या रंगाची सॉल्टबुश आणि ब्लूबुश, जी खारट, कोरड्या जमिनीत तग धरते. हा बदल दीडशे वर्षांपूर्वी एका माणसानं घोड्यावर बसून टिपला.

जॉर्ज गॉयडर हे वसाहतीचे सर्व्हेयर-जनरल, म्हणजे जमीनमोजणीचे मुख्य अधिकारी. १८६४-६५ ला मोठा दुष्काळ पडला, उत्तरेकडच्या मेंढपाळांची जनावरं मेली, त्यांना जमिनीच्या भाड्यात सवलत द्यायची तर दुष्काळ कुठपर्यंत पोचलाय हे सरकारला हवं होतं. पावसाची मोजमापं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. गॉयडर जवळपास ३,२०० किलोमीटर घोड्यावर फिरले, झाडंझुडपं बघितली, आणि डिसेंबर १८६५ मध्ये अहवाल आणि नकाशा दिला. पश्चिमेला सेड्युनाजवळून निघून आयर द्वीपकल्प ओलांडून, मग मूनटा, क्रिस्टल ब्रूक, वर ओरोरूपर्यंत, तिथून खाली पीटरबरो, बर्रा करत व्हिक्टोरियाच्या हद्दीवर पिनारूपर्यंत. या रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला फक्त चरा. पुढे मोजमापं आली तेव्हा दिसलं की ती रेषा वर्षाला साधारण १० ते १२ इंच पावसाच्या हद्दीशी जुळते. पर्जन्यमापक नसताना नुसतं झुडूप बघून!

आता आमच्याकडे माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि आम्ही दुष्काळी, आणि इथे तीनशेवर गहू? हे मला आधी पटेना. पण पावसाची वेळ वेगळी आहे. इथला पाऊस थंडीत पडतो, मे ते ऑक्टोबर, तेव्हा ऊन कमी, बाष्पीभवन कमी, पडलेला थेंब पिकाच्या मुळाशी राहतो. आपण शाळू घेतो ना परतीच्या पावसाच्या ओलीवर, त्याच हिशोबानं. उन्हाळ्यात तेवढाच पाऊस पडला असता तर ही रेषा बरीच दक्षिणेला सरकली असती.

रस्त्याच्या कडेला रेषेची पाटी आहे तिथे थांबलो. पुतणी एक पाय अलीकडे एक पाय पलीकडे ठेवून उभी राहिली. वारा एवढा होता की दाराला धरून उतरावं लागलं.

पुढे टेरोवी. इथे रेल्वेचे दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ भेटायचे त्यामुळे सगळा माल आणि माणसं गाडी बदलायची, त्या हमालीवर गाव उभं राहिलं. २० मार्च १९४२ ला फिलिपाइन्समधून निसटलेले अमेरिकी जनरल मॅकआर्थर याच फलाटावर उतरले आणि मी परत जाईन असं म्हणाले, त्याची पाटी आहे. आज मुख्य रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आहेत, दुकानं नाहीत. रूळ बदलले, गाव गेलं. म्हणजे जमिनीनं गाव धरून ठेवलं नाही तर बाकी कशानंच ते राहत नाही असं मला दिवसभर वाटत राहिलं. पीटरबरोचं रेल्वे संग्रहालय मात्र छान सांभाळलंय, तीन रुंदीच्या गाड्या फिरवणारं एकच टर्नटेबल आहे तिथे, लहान मुलं बरोबर असतील तर दोन तास सहज जातात.

ओरोरूला मुक्काम. गावाजवळ नदीकाठची एक रेड गम निलगिरी आहे, बुंध्याचा घेर दहा मीटरच्या वर, आम्ही पाचजण हात पसरून उभे राहिलो तरी पुरलो नाही. संध्याकाळी पबमध्ये जेवायला गेलो. शाकाहारी म्हणून चिप्स आणि भाजीची पॅटी मिळाली. शेजारच्या टेबलावर साठीचे एक शेतकरी होते, त्यांनी आमचं बोलणं ऐकून विचारलं कोणती भाषा, आणि मी म्हटलं माझे वडील ज्वारी-बाजरी करतात तेव्हा खुर्चीच ओढून आमच्याकडे आले.

त्यांची जमीन रेषेच्या अगदी काठावर. काही एकर अलीकडे, बरीचशी पलीकडे. एप्रिलच्या शेवटी ॲन्झॅक डे, म्हणजे तिकडचा सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, असतो, तेव्हापासून त्यांचे डोळे आभाळाकडे. हंगामाचा पहिला मोठा पाऊस, त्याला ते ब्रेक म्हणतात, आणि त्या दिवसांत गावात कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न तुमच्याकडे ब्रेक आला का. २०२४ ला तो धड आलाच नाही, २०२५ लाही उशीर झाला, दुसऱ्या राज्यांतून ट्रकच्या ट्रक चारा आणावा लागला, त्यातला बराचसा लोकांनी मदत म्हणून दिलेला. मेंढ्या विकल्या का विचारलं तर म्हणाले, चांगल्या जातीच्या ठेवल्या, बाकी गेल्या. एक वाक्य त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: ‘तीन वर्षं चांगली गेली की माणसाला वाटतं आता हेच खरं, आणि चौथ्या वर्षी जमीन सांगते की नाही.’ आप्पाही अगदी असंच बोलतात.

आणि एक गोष्ट कळली. ओरोरूच्या दक्षिणेला आणि यॉर्क द्वीपकल्पात मसूर भरपूर पिकतो आणि तो मोठ्या प्रमाणात भारतात येतो. आपल्या घरातल्या मसुराच्या आमटीचा या रेषेशी संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बायकोनं त्यांना अख्ख्या मसुराची आमटी कशी करायची ते सांगितलं, त्यांनी बिलाच्या मागे लिहून घेतली.

सोमवार: ओस गावं

ओरोरूहून कॅरिटन, क्रॅडॉक करत हॉकर. अंतर फार नाही पण आम्हाला अर्धा दिवस लागला कारण सारखे थांबत होतो. एक घर दिसतं, दगडी भिंती, दोन धुराडी, छप्पर नाही. पुढे अजून एक. मग एक शाळा. मग नुसतं धुराडं. छप्पराचा पत्रा आणि लाकूड लोक जाताना काढून घेऊन गेले, दगड मागे राहिला.

झालं असं. गॉयडरची रेषा आली आणि पाठोपाठ चांगले पाऊस झाले. १८७२ मध्ये सरकारनं रेषेपर्यंतची जमीन शेतीसाठी उधारीवर विकायला काढली, आणि मग शेतकरी म्हणायला लागले रेषेच्या पलीकडेही गवत कमरेएवढं आहे, आम्हाला का अडवता. वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूनं, पुढारी त्यांच्या बाजूनं. नांगर चालला की त्यामागोमाग पाऊस येतो, जमीन नांगरली की हवामानच बदलतं, असं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगत होती. १८७४ मध्ये रेषेची अट काढून टाकली. गॉयडर विरोध करत राहिले, पण त्यांच्या हाताखालच्याच लोकांनी मग रेषेच्या पलीकडे गावांचे चौकोन आखले, मधोमध चौक, कडेनं बागेची मोकळी जागा, ॲडलेडची छोटी नक्कल. हॅमंड, जॉनबर्ग, गॉर्डन, विल्सन. बँका आल्या, चर्च आली, हॉटेलं आली. दोन-तीन वर्षं खरंच गहू आला, गाड्या भरून आला.

१८८० पासून पाऊस गेला. सलग तीन हंगाम. नांगरलेली उघडी माती वाऱ्यानं उडाली, कुंपणाला धूळ साचून कुंपणं बुजली.

शेतकऱ्यांना उधारीवर मिळालेली जमीन सुरुवातीला फार तर ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल. आपल्याकडे ६४० एकर म्हणजे संस्थानिक. पण या मातीत, या पावसात तेवढ्यावर एक कुटुंब जगत नाही, इथे मेंढी चारायची तर हजारो एकर लागतात. म्हणजे जमीन किती यापेक्षा ती काय देऊ शकते हे विचारायला हवं होतं, आणि ते एकट्या गॉयडरनी विचारलं होतं. ती माणसं आळशी नव्हती, उलट इतके कष्ट केले की एकेक भिंत अजून सरळ उभी आहे. त्यांना सरकारनं आणि पुढाऱ्यांनी खोटी आशा विकली याचा मला तिथे उभं राहून राग आला, अजून येतो.

सगळ्यात चटका लावून गेलं सिमन्स्टन. रेल्वे इथून जाणार म्हणून गाव आखलं, दगडी इमारती चढायला लागल्या आणि रूळ हॉकरकडून गेले. गाव वसायच्या आधीच संपलं. तिथे जायचा रस्ता मातीचा आहे, पाऊस झाला की बंद. आम्ही जरा लांबूनच बघितलं कारण आभाळ भरून आलं होतं.

टीप: उत्तरेकडच्या मातीच्या रस्त्यांवर पावसानंतर ‘बंद’ची पाटी असेल तर जाऊ नका, दंड मोठा आहे आणि चिखलात अडकलात तर मदत यायला दिवस जातो. हॉकरला टाकी फुल करा. मोबाइल नेटवर्क गावाबाहेर पडलं की जवळजवळ नाही, नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. ऊन उतरलं की गाडी चालवू नका, कांगारू आणि एमू रस्त्यावर येतात. आम्हाला हॉकरच्या पुढे एक एमू बाप आठ-नऊ पट्टेरी पिल्लं घेऊन रस्ता ओलांडताना दिसला, एमूमध्ये पिल्लं बापच सांभाळतो, आम्ही इंजिन बंद करून थांबून राहिलो.

मंगळवार: विल्पेना

रात्री पाऊस आला. तंबूसारख्या केबिनच्या छपरावर तो वाजायला लागला तसे आम्ही सगळे उठून बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दुष्काळी भागातल्या माणसाला पावसाचा आवाज ऐकून झोप लागत नाही. सकाळी मातीचा वास, निलगिरीचा वास, आणि काल करडे दिसणारे डोंगर लालबुंद.

विल्पेना पाउंड म्हणजे डोंगरांची एक मोठी परात, चहूबाजूंनी कडे आणि मध्ये सपाट रान, आत शिरायला एकच अरुंद घळ. ही अड्न्यमथन्हा लोकांची भूमी, राष्ट्रीय उद्यानाच्या नावात आता त्यांचं इकारा हे नावही आहे आणि कारभार ते सरकारबरोबर मिळून बघतात. त्यांच्यातल्या एका वाटाड्याबरोबर आम्ही सकाळी चाललो. तो मोजकं बोलायचा. एका खडकातल्या पाण्याच्या जागेपाशी थांबून म्हणाला, आमची माणसं या पाण्याला येत, काही दिवस राहत, आणि पाणी कमी व्हायच्या आधी पुढच्या पाण्याला जात. एवढंच. मला वाटलं की सगळा इतिहास या एका वाक्यात आहे, आलेल्या लोकांना एका जागी घर हवं होतं आणि ही जमीन एका जागी राहू देत नाही. गॉयडरनी झुडपांवरून जे ओळखलं ते या लोकांना हजारो वर्षं माहीत होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. उलट मेंढ्या आल्या तेव्हा पाण्याच्या जागा त्यांच्याकडून गेल्या.

परातीच्या आत हिल कुटुंबाचं जुनं घर आहे. डोंगरामुळे आत पाऊस बाहेरच्या मैदानापेक्षा जास्त, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे गहू करून बघितला. घळीतून लाकडाचे ओंडके टाकून रस्ता बांधला, पीकही आलं. १९१४ च्या पुरात तो रस्ता वाहून गेला, आणि पुन्हा बांधायची ताकद त्यांच्याकडे उरली नाही. इथे पाणी होतं, माती बरी होती, पण माल बाहेर काढायची वाट नव्हती. त्या छोट्या घरात उभं राहून बायको म्हणाली, त्या बायका बाजाराला कधी जात असतील? आम्हाला कुणाला उत्तर देता आलं नाही.

दुपारी क्वाँडाँगचा ‘पाय’ (pie), म्हणजे आत फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, खाल्ला. क्वाँडाँग म्हणजे लाल आंबट जंगली फळ, थोडं जर्दाळूसारखं, वर गरम कस्टर्ड. आयुष्यात खाल्लेल्या गोड पदार्थांत वरच्या नंबरात.

बुधवार: कॅन्याका, क्वॉर्न, मेलरोज

हॉकर-क्वॉर्न रस्त्यावर कॅन्याका स्टेशनचे अवशेष आहेत, रस्त्यापासून आत थोडंच. स्टेशन म्हणजे इथे मेंढ्यांचं मोठं रान, जहागिरीच म्हणा. १८५२ मध्ये ह्यू प्रॉबी नावाच्या तरुणानं ते उभं केलं आणि त्याच वर्षी विलोक्रा ओढ्याला अचानक आलेल्या पुरात तो घोड्यावरून वाहून गेला, वय चोवीस. कोरड्या मुलखात माणूस पाण्यात बुडून गेला. पुढे भरभराटीच्या काळात इथे सत्तर कुटुंबं राहत होती, लोकर कातरायची भली मोठी दगडी शेड अजून बघता येते. १८६० च्या दशकातल्या दुष्काळात हजारो मेंढ्या मेल्या, नंतर शेतकऱ्यांना द्यायला सरकारनं रान तोडून घेतलं आणि १८८० च्या दशकात सगळं संपलं. म्हणजे जी मेंढपाळी या जमिनीला पेलत होती ती बाजूला करून तिथे न पेलणारा गहू आणला. आजूबाजूचं मैदान सप्टेंबरात जांभळ्या फुलांनी भरलेलं असतं, फोटोला अप्रतिम. पण ते सॅल्व्हेशन जेन नावाचं बाहेरून आलेलं तण आहे आणि घोड्यांना विषारी.

क्वॉर्नला जुनी पिची रिची रेल्वे आहे, स्वयंसेवक चालवतात, ठरावीक दिवशीच असते म्हणून तारखा बघून जा, आम्हाला नुसतं स्टेशन बघायला मिळालं.

आणि मग दक्षिणेला मेलरोज. माउंट रिमार्केबलच्या पायथ्याशी, डोंगर पाऊस अडवतो म्हणून झाडं उंच, ओढ्याला पाणी, शेतं हिरवी. कॅन्याकापासून गाडीनं दीड-दोन तास आणि एवढा फरक! पुतणी म्हणाली, काका, आपण परत रंगीत सिनेमात आलो. रात्री तिथल्या मालकीणबाईंनी शेकोटी पेटवून दिली आणि आम्ही खिचडी लावली, त्यांनाही दिली.

गुरुवार: गव्हाच्या मुलखातून परत

विराबारा, लॉरा, क्रिस्टल ब्रूक असं उतरत आलो. लॉराला आइस्क्रीमचा कारखाना आहे, गोल्डन नॉर्थ, शंभर वर्षांचा जुना, मधाचं आइस्क्रीम नक्की खा.

या भागात दर थोड्या अंतरावर एक छोटं गाव आणि सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठ्या. ही तांबूस-तपकिरी माती ऑस्ट्रेलियातल्या चांगल्या मातीत मोडते, पण तिलाही मदत लागली. या खंडाची माती फार जुनी, पावसानं धुऊन निघालेली, फॉस्फरस अगदी कमी. सुरुवातीच्या शेतकऱ्यांनी गव्हामागे गहू घेतला आणि काही वर्षांत उतारा घसरला. रोझवर्दीचं कृषी महाविद्यालय १८८३ मध्ये निघालं, तिथल्या लोकांनी सुपरफॉस्फेट वापरा म्हणून सांगितलं आणि हळूहळू उतारा सावरला. दुसरी गोष्ट नांगराची. मॅली झाड तोडलं तरी मुळाचा गड्डा जमिनीत राहतो, नांगर मोडतो. १८७६ मध्ये यॉर्क द्वीपकल्पातल्या आर. बी. स्मिथ यांनी असा नांगर केला की गड्डा लागला की फाळ आपोआप वर उचलला जाऊन पलीकडे परत जमिनीत उतरतो. उत्तरेकडून हरून परत आलेली कुटुंबं या नांगराच्या जोरावर रेषेच्या दक्षिणेच्या मॅली रानात वसली. म्हणजे वस्ती उत्तरेला सरकायची थांबली आणि रेषेच्या आतच दाट झाली.

आता शास्त्रज्ञ म्हणतायत की हवामान तापतंय तशी ही रेषा दक्षिणेला सरकणार. ओरोरूच्या त्या काकांनाही ते माहीत होतं.

रविवार: रेल्वेच्या खिडकीतून

ॲडलेडला दोन दिवस राहून आम्ही दोघं ओव्हरलँड गाडीनं मेलबर्नला निघालो, तिथून परतीचं विमान होतं. मरे नदी ओलांडली आणि पुढे कूनलपिन, कीथ हा भाग लागला. कूनलपिनच्या सायलोंवर शाळेतल्या मुलांची प्रचंड चित्रं आहेत, गाडीतून दिसतात. या पट्ट्याला पूर्वी नव्वद मैलांचं वाळवंट म्हणायचे, आणि गंमत म्हणजे पाऊस इथे ओरोरूपेक्षा बराच जास्त, कीथला साडेचारशेच्या वर. गॉयडरच्या रेषेच्या आतला भाग. तरी गवत धड वाढेना, मेंढ्या जगेनात. कारण नंतर कळलं, मातीत तांबं आणि जस्त यांचा अंशच नव्हता. हेक्टरी काही किलो क्षार टाकले, बरोबर सुपरफॉस्फेट आणि क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं बी, आणि रान हिरवं झालं. १९४९ पासून एएमपी या विमा संस्थेनं इथे मोठ्या प्रमाणावर जमीन तयार करून शेतकऱ्यांना वसवलं. पाऊस असून चालत नाही, मातीत काय आहे तेही बघावं लागतं. शेजारच्या सीटवरच्या बाईंचे वडील तसेच युद्धावरून आल्यावर कीथजवळ वसले होते. त्या म्हणाल्या, लहानपणी आमच्या घराभोवती नुसती पांढरी वाळू होती, आईनं पहिली भाजी लावली तेव्हा बाबांनी क्षाराची पुडी मोजून तिला दिली. खिडकीतून त्यांनी ते शेत कुठल्या दिशेला ते दाखवलं, तिथे आता भाऊ मेंढ्या करतो.

जाणार असाल तर: ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर सगळ्यात चांगला, पिकं उभी असतात, फुलं असतात, माशा कमी. डिसेंबर-जानेवारीत हॉकरच्या पलीकडे चाळीसच्या वर तापमान जातं, मुलं-म्हातारी घेऊन जाऊ नका. पाच-सहा दिवस तरी ठेवा. गाडी साधी चालते जर डांबरी रस्त्यानंच जाणार असाल तर. माणशी रोजचं पाच लिटर पाणी गाडीत असू द्या. शाकाहाऱ्यांनी तांदूळ, डाळ, छोटा कुकर बरोबर ठेवावा, केबिनमध्ये शेगडी असते. भारतातून येताना शेतात वापरलेले बूट असतील तर स्वच्छ धुवा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर तसं लिहा, मातीबद्दल ते फार कडक आहेत. आणि दुसऱ्या राज्यातून साउथ ऑस्ट्रेलियात येत असाल तर फळं-भाज्या हद्दीवर टाकाव्या लागतात, फळमाशीमुळे, तेव्हा संत्री अलीकडेच खाऊन घ्या.